डोमाजीचा तळहात

आमच्या डोमाजीला अंतर मैलात सांगता यायचं नाही. तो बिड्यांत सांगायचा. तिरोड्याहून बोदलकसा दोन बिड्या, गोंदिया चार. यात गंमत अशी, की गाडी चालवताना तो बिडी कधी ओढत नसे. ती कानावर खोचलेली असायची आणि मुक्कामाला पोचलं की मगच पेटायची. मग या बिड्या मोजायच्या कशा, असं मी एकदा विचारलं. तर म्हणाला, "ओढावंसं किती डाव वाटलं, ते मोजतो जी."

डोमाजी आमच्या घरचा ड्रायव्हर. आमच्या घरचा म्हणजे डॉक्टरांचा, म्हणजे माझ्या यजमानांचा. मी लग्न होऊन अमरावतीहून तिरोड्याला आले तेव्हा घरात दोन जुन्या वस्तू होत्या, एक शिसवी कपाट आणि दुसरी ती मोटार. कापडी टपाची, पितळी भोंग्याची, कुणा साहेबाने विलायतेला परत जाताना विकलेली. तेव्हा तिरोडा भंडारा जिल्ह्यात होतं आणि उभ्या गावात मोटारी बोटांवर मोजण्याइतक्या. नवी नवरी म्हणून मला तिचा अभिमान वाटायला हवा होता. मला मात्र पहिल्या दिवसापासून तिचा राग होता, कारण ती माझ्या अंगणात उभी राहायची.

डोमाजी जातीचा ढिवर. बोदलकशाच्या तलावावर त्याच्या बापजाद्यांनी मासे धरले. त्याने स्वतःही पस्तिशीपर्यंत जाळं टाकलं, डोंगा वल्हवला. मग डॉक्टरांनी एका दौऱ्यात त्याला गाळात रुतलेली गाडी काढताना पाहिलं आणि सोबतच घेऊन आले. गाडी चालवायला तो महिनाभरात शिकला, पण चपला घालून चालवायला कधीच शिकला नाही. अनवाणी पायानेच तो क्लच दाबायचा. तळपायाला कळतं म्हणायचा. थंडीत ते लोखंड बर्फासारखं व्हायचं, तरी नाही. डॉक्टरांनी त्याला कॅनव्हासचे बूट आणून दिले होते. ते त्याने गाडीतल्या हत्यारांच्या पेटीत जपून ठेवले आणि साहेबलोक भेटणार असले की काढून शेजारच्या सीटवर ठेवायचा. आहेत, एवढं दिसलं म्हणजे झालं.

कसलंही काम सांगा, त्याचं उत्तर एकच असे, "पाहू ना जी." त्यात होकार असे, नकार असे, कंटाळाही असे. मी वर्षभरात ते वेगवेगळे ओळखायला शिकले.

नाल्यात गाडी घालण्याआधी तो स्वतः उतरायचा. धोतर वर खोचून काठीने तळ चाचपत पलीकडे जायचा, परत यायचा, आणि मग गाडी घालायची. पाणी घोटाभर असलं तरी. एकदा माझ्यासमोरच मागून एका बड्या अंमलदाराची नवी गाडी आली. हा मधोमध उभा राहून वाळू चाचपतोय हे बघून त्यांचा ड्रायव्हर हसला आणि बाजूने गाडी घालून मोकळा झाला. ती मध्यावर जाऊन बसली ती बसलीच. डोमाजी हसला नाही. शेजारच्या शेतातून बैल मागून आणले, दोर बांधला, गाडी काढून दिली. मग आमच्या गाडीत बसताना माझ्याकडे न बघता म्हणाला, "पान्याले पुसा लागते जी."

त्याचा एक गुन्हा मात्र मी बरीच वर्षं धरून होते. आमचं घर शाकाहारी. डॉक्टर बोदलकशाच्या बाजूला रोग्यांना बघायला गेले की हमखास दुपार टळून परत यायचे आणि मग मी वाढलेल्या पानावर भूक नाही म्हणायचे. डोमाजीला विचारलं की तो गाडीचं चाक तपासायला लागायचा. फुलाबाय म्हणजे डोमाजीची आई, तिच्या हातचा माशांचा रस्सा पंचक्रोशीत नावाजलेला होता. मला काय ते कळायला फार दिवस लागले नाहीत. मी ते मनात ठेवलं, आणि त्या गाडीच्या खात्यात आणखी एक गुन्हा जमा झाला.

लढाईची वर्षं होती. पेट्रोल चिठ्ठीवर मिळायचं, इंजिनचं तेल तर मिळेनासंच झालं होतं, आणि नेमकी तेव्हाच गाडी गळायला लागली. आधी थेंब, मग वाटीएवढा डाग, मग ताटलीएवढा. मी पहाटे उठून सडा घालावा, शेणाने सारवलेल्या अंगणात ठिपक्यांची रांगोळी काढावी, आणि गाडी हलली की मागे हे काळं तळं. त्यात पाय पडून तो घरभर उमटायचा. डोमाजी रोज सकाळी गाडी पुढे घ्यायचा, वाकून जमिनीवर तळहात टेकवायचा आणि काळा झालेला हात बघत उभा राहायचा. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून ते बघायची. मला वाटायचं, हात काय बघतोस बाबा, माझं अंगण बघ.

दिवाळीत मी सरळ सांगितलं, या अंगणात एक तर रांगोळी राहील नाही तर मोटार. डॉक्टर भांडणाला भिणारे. त्यांनाही गाडीचा वैताग आला होताच, कारण तेल झिरपून क्लचपर्यंत पोचलं होतं आणि चढावर इंजिन नुसतं ओरडायचं, चाकं जागची हलायची नाहीत. त्यांनी गोंदियाच्या एका लाकडाच्या ठेकेदाराला निरोप धाडला. तो येऊन गाडीभोवती फिरला आणि म्हणाला, "इंजन अच्छा है, बाकी सब कबाड. इंजन पानी के पंप पर लगा दूँगा." येत्या सोमवारी, बाजाराच्या दिवशी, बैल घेऊन येतो आणि ओढून नेतो, असं ठरलं.

डोमाजी खांबाला टेकून ऐकत होता. ठेकेदार गेल्यावर डॉक्टरांना म्हणाला, सोमवारपर्यंत गाडी माझ्या हवाली करा. डॉक्टरांनी विचारलं, गळती थांबेल का. "पाहू ना जी," तो म्हणाला. यातला अर्थ मात्र मला नवा होता.

गळती कुठे आहे हे त्याला ठाऊक होतं. इंजिनात मधोमध जो मोठा दांडा फिरतो, त्याच्या मागच्या टोकाला खाचेत एक दोरी बसवलेली असते. दांडा तिच्यातून फिरतो आणि ती त्याला घट्ट आवळून तेल आत राखते. ती दोरी झिजून गेली होती. डोमाजी आगगाडीने गोंदियाला जाऊन आला. दुकानदाराने म्हटलं, "लड़ाई के बाद आना." राईस मिलच्या मिस्त्रीकडेही तसली दोरी नव्हती. परत येताना याच्या डोक्यात आलं, की दोरीच तर हवी आहे, आणि दोरी वळण्यात तर आपला जन्म गेला. सणाच्या, म्हणजे तागाच्या, धाग्याची जाळी विणणाऱ्या माणसाला दोरीसाठी गोंदियाला जावं लागलं याची त्याला लाज वाटली. तसं त्याने मला स्वतः सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मी तुळशीला पाणी घालायला आले तर माझ्या अंगणाच्या मध्यावर हा कुदळ घेऊन खड्डा खणतोय. कमरेइतका झालासुद्धा होता. डागाने मी एवढी चिडलेली, त्यात हा खड्डा. हे काय चालवलंय विचारलं, तर त्याने शांतपणे सांगितलं, "गाडीखाली बसाले जागा पायजे ना जी. काम झालं का बुजवून देतो." मग खड्ड्यावर दोन फळ्या टाकून त्याने त्यांवर गाडी ढकलली आणि स्वतः खाली उतरला. त्या आठवड्यात डोमाजी मला फक्त कमरेपासून वर दिसला, तोही डोकं गाडीच्या पोटात घातलेला.

त्याने तेलाचं चेंबर उतरवलं. राहिलेलं तेल माझ्याच घागरीत काढलं, ती घागर मी पुन्हा वापरली नाही. जुन्या दोरीचा कुजका चोथा तारेच्या आकड्याने ओढून काढला. घरून आणलेली सणाची नवी दोरी एरंडेल आणि मेणात उकळली, तीही माझ्या चुलीवर. चरबी मी घरात येऊ दिली नाही म्हणून मेण. मग तारेला बांधून ती दोरी खाचेतून अंगठ्याच्या दाबाने इंच इंच आत सारली. चेंबर परत लावताना मध्ये जाड कागद लागतो. त्यासाठी डॉक्टरांच्या वहीचा पुठ्ठा गेला, आणि तो चिकटवायला जंगलातल्या गोंडांकडून आणलेली लाख दवाखान्याच्या स्पिरिटात विरघळवली. क्लचही धुऊन पुसला. गुरुवारी दुपारी गाडी सुरू झाली. डोमाजी बाजारापर्यंत जाऊन आला, गाडी उभी केली, बिडी पेटवली. बिडी संपायच्या आत खाली पहिला थेंब पडला. संध्याकाळपर्यंत डाग आधीपेक्षा मोठा झाला होता.

शुक्रवारी सकाळी तो कामावर आला तो जाळं घेऊन. घरात बारा वर्षं वळचणीला पडलेलं, उंदरांनी कुरतडलेलं जाळं. ओट्याच्या पायरीवर बसून ते सांधायला लागला. बोटं चाचरत होती, गाठ बसत नव्हती. मी म्हटलं, हे काय. तो म्हणाला, "आता हेच करा लागते ना जी."

त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. असती तर मी काहीतरी उलटं बोलले असते आणि सुटले असते. पण ते जाळं, ते चाचरणारे हात, आणि हत्यारांच्या पेटीतून काढून पायरीवर नीट ठेवलेले ते कॅनव्हासचे बूट बघून मला फार वाईट वाटलं. एका रांगोळीपायी मी या माणसाला परत पाण्यात ढकलत होते. गाडी गेली की त्याच्या हातून काय जाणार हे इतके दिवस माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मी त्याच्यासमोर चहा ठेवला आणि म्हटलं, डोमाजी, अजून तीन दिवस आहेत, एकदा परत खोलून बघा.

तो उतरला खड्ड्यात. दुपारपर्यंत काही आवाज आला नाही. मग वर आला तो हातात ती दोरी घेऊन, आणि चेहऱ्यावर हसू. दोरीच्या पेडांमधून तेलाच्या काळ्या रेषा तिरक्या गेल्या होत्या, सगळ्या एकाच दिशेने, बाहेर. "दोरीच त्याले वाट दावून राहिली जी," तो म्हणाला. दोरीला ज्या बाजूने पीळ असतो त्या बाजूने, दांडा फिरेल तसं, तेल स्क्रूसारखं सरकत जात होतं. पीळ उलटा असता तर तेच तेल आत ढकललं गेलं असतं.

मग वळा उलटी, मी म्हटलं. डोमाजीचं हसू मावळलं.

त्यांच्या घरी दोरी उजव्या हाताने, उजव्या मांडीवरच वळायची रीत. जाळं असो, खाट असो, बैलाचं दावं असो. डाव्या हाताची उलटी दोरी फक्त तिरडीला. घरात मयत नसताना ती कुणी वळायची नाही. डोमाजीने आयुष्यात वळली नव्हती, हातही तसा चालत नव्हता. वळता यायची ती फक्त फुलाबायला, आणि ती काही वळणार नाही हे तो न विचारताच सांगत होता.

मी शनिवारी बैलगाडी करून बोदलकशाला गेले. डोमाजी सोबत होता, पण तलावाच्या पाळीवर पोचल्यावर त्याला एकदम बैलांना पाणी दाखवायची आठवण झाली. मी एकटीच पुढे गेले.

फुलाबाय दारात सुपात तांदूळ पाखडत बसली होती. काळीसावळी, वाळलेली, पण दंड अजून कणखर. मला तिने बसायला पाट दिला, पाणी दिलं. मी सगळं सांगितलं, दांडा, दोरी, तेल. तिने पाखडणं न थांबवता ऐकलं. मग म्हणाली, "गाडी तूच त हाकलून राहिली होती ना बाई. मंग आता काऊन आली?"

मला असं कुणी कधी तोंडावर विचारलं नव्हतं. अमरावतीला माणसं आधी तुमच्या माहेरची खुशाली विचारतात. मी म्हटलं, "चुकलं माझं."

ती उठली. मला वाटलं, झालं, आता निरोप. तिने आत जाऊन छपराच्या वाशांत हात घातला आणि फडक्यात बांधलेलं एक वेटोळं काढलं. करंगळीएवढ्या जाडीची, एकसारखी, रेशमासारखी वळलेली सणाची दोरी. पीळ उलटा. तिने ती स्वतःसाठी वळून ठेवली होती, कारण आजकालच्या पोरांच्या हातच्या दोरीवर तिचा भरवसा नव्हता. गावकुसाबाहेर, पाळीवर बसून तीन दिवस वळली होती. विळीवर धरून तिने तिचा एक हात लांबीचा तुकडा कापला आणि माझ्या पदरात टाकला.

"मले न्याले एवढी कायले लागते? सुकून गेली मी," ती म्हणाली. "आनि त्याले सांग, गाडी हाकल म्हना. मासे धराच्या जाऱ्यात हात नाही बसत त्याचा, कधीच नाही बसला."

मी तिच्या पाया पडले. डॉक्टरांची बायको ढिवराच्या दारात वाकली, हे पुढे गावात चार दिवस चघळलं गेलं. गेलं तर गेलं. निघताना तिने मला विचारलं, तू रस्सा खात नाहीस ना. मी नाही म्हटलं. ती म्हणाली, तुझा नवरा दोनदा मागून घेतो.

रविवारी ती दोरी खाचेत बसली. डोमाजीने तिला मेणात घालायच्या आधी हात जोडले, ते मी खिडकीतून पाहिलं आणि पाहिलं नाही असं दाखवलं. संध्याकाळी त्याने गाडी पार कोहमाऱ्याच्या रस्त्याला लागेपर्यंत नेऊन आणली आणि अंगणात, बुजवलेल्या खड्ड्यावर, उभी केली. चढावर गाडी नव्यासारखी गेली म्हणाला.

सोमवारी पहाटे मी सडा घातला आणि कधी केलं नव्हतं ते केलं. आडवी होऊन, हात लांब करून, उभ्या गाडीच्या खाली रांगोळी काढली. पांढरी शुभ्र, ठिपक्यांची. डोमाजी आला, त्याने बघितलं आणि बिडी न पेटवता ओट्यावर बसून राहिला. ठेकेदार बैल घेऊन आला तेव्हा ऊन अंगणात आलं होतं. तो गाडीखाली वाकला. रांगोळी जशीच्या तशी होती. दोन-तीनदा वाकून बघून झाल्यावर त्याने डॉक्टरांना विचारलं, "तो अब नहीं बेचोगे?" डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. मी दारातूनच नाही म्हटलं. बैल बाजाराला गेले.

त्या दिवसापासून डोमाजीची रोजची ती सवय मला आवडायला लागली. सकाळी गाडी पुढे घ्यायची, उतरायचं, वाकून जमिनीवर तळहात टेकवायचा आणि उभं राहून तो माझ्या खिडकीच्या दिशेने उघडा धरायचा. स्वच्छ. महिन्यातून एखादा ठिपका असायचा, नाही असं नाही. तो ठिपकाही तो प्रामाणिकपणे दाखवायचा. मी मान हलवली की झालं. नवरा-बायकोत नसेल इतकं नियमित बोलणं आमचं त्या खिडकीतून चालायचं.

लढाई संपल्यावरच्या हिवाळ्यात फुलाबाय गेली. डॉक्टर आणि मी दोघं गेलो होतो. तिरडी बांधताना तिची दोरी शेवटच्या वेढ्याला हातभर कमी पडली. कुणी म्हणालं, बाजारातली सुतळी जोडा. डोमाजी नको म्हणाला. पाळीवर जाऊन बसला, सण घेतला, डाव्या मांडीवर डाव्या हाताने वळायला लागला. माणसं थांबली. ओबडधोबड झाला तो तुकडा, जागोजागी गाठी. पण त्याने वेढा पुरा केला.

दुपार कलल्यावर त्याने आम्हाला घरी आणलं. मी म्हटलं होतं, डॉक्टर चालवतील, तुम्ही राहा घरी. ऐकलं नाही. अंगणात आम्ही उतरलो. त्याने गाडी जरा पुढे घेतली, खाली उतरला, वाकला, जमिनीवर हात टेकवला आणि स्वच्छ तळहात बघत राहिला.

"धरून आहे जी," तो म्हणाला.

तोवर दाबून धरलेलं रडू मला तेव्हा आवरलं नाही. त्याला आवरलं. तो गाडी पुसायला लागला.

पुढच्या वर्षी डॉक्टरांनी दवाखाना नागपूरला हलवायचं ठरवलं. गाडी डोमाजीलाच दिली. गोंदिया-तिरोडा सवारी नेईन म्हणाला, तुमचं सामान सगळं माझ्याच गाडीतून स्टेशनात. ते कॅनव्हासचे बूट आम्ही निघालो त्या दिवशी त्याने पहिल्यांदा पायात घातले होते आणि त्यामुळे तो लंगडत होता. मी त्याला नागपूरला या म्हटलं. "पाहू ना जी," म्हणाला. हा नकार होता, आम्हा दोघांनाही माहीत होतं.

आगगाडी सुटली तेव्हा मी खिडकीशी होते. स्टेशनच्या कुंपणापलीकडे रस्त्यावर ती जुनी मोटार दिसली. डोमाजीने ती दोन हात पुढे घेतली, उतरला, बूट काढून बाजूला ठेवले, आणि जिथे गाडी उभी होती तिथे वाकला. मग सरळ होऊन त्याने हात वर केला, तळहात आमच्याकडे. बाकीचे सगळे निरोपाला हात हलवत होते. त्याचा हात हलत नव्हता. इतक्या लांबून मला तो स्वच्छ आहे की नाही हे दिसलं नाही, पण मी रोजच्यासारखी मान हलवली.